परवचा आणि परीक्षा

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी वर्षाच्या व्याख्यानमालेत एखादा वाङ्मयीन विषय घ्यावा, अशी कार्यवाहांची अपेक्षा होती. मराठीच्या प्राध्यापकाकडून ती स्वाभाविकही होती. परंतु मीच त्यांना विषय बदलण्याची विनंती केली. फेब्रुवारी उजाडला की आपल्या या वाचनालयाचे रूप पालटते. एरवी वृत्तपत्रे चाळणाऱ्या ज्येष्ठांनी भरलेली ही बाके सकाळपासून विद्यार्थी अडवतात. कोणी खानापूरहून पहिल्या बसने येतो, कोणी येळ्ळूरहून, कोणी कडोलीहून. त्यांच्या घरी एकच खोली असते, सुगीचे दिवस असतात, अंगणात मसुराची मळणी चाललेली असते. अभ्यासाला शांत जागा म्हणून ही मुले इथे येतात. त्यांच्या पुस्तकांकडे मी पाहतोच. पण त्यांच्या चेहऱ्यांकडे अधिक पाहतो. त्या चेहऱ्यांवरची भीती माझ्या ओळखीची आहे. म्हणून आज परीक्षेच्या ताणाविषयी आणि तो निरोगीपणे कसा पेलावा याविषयी बोलणार आहे.

ही भीती ओळखीची का, ते प्रथम सांगितले पाहिजे. १९८८ सालची गोष्ट. मी मराठी माध्यमातून दहावी झालेला खेड्यातला मुलगा. गुण चांगले मिळाले म्हणून सर्वांनी विज्ञान शाखेत घातले. तिथे सारे शिक्षण इंग्रजीतून. ‘त्रिकोणमिती’ या शब्दाशी माझी मैत्री होती. तिच्या इंग्रजी नावाशी नव्हती. दोन वर्षे कशीबशी रेटली आणि पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षी गणितात नापास झालो. निकालाच्या फळ्यावर माझा क्रमांक नव्हता. घरी जायचे धैर्य झाले नाही. ‘दाखले काढायचे आहेत’ असा निरोप गावी पाठवला आणि मी या वाचनालयात येऊन बसलो. तीन दिवस सकाळी दार उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत बसलो. समोर एक मासिक होते. तिन्ही दिवस त्याचे एकच पान उघडे होते.

आपले तेव्हाचे ग्रंथपाल, ज्यांना आम्ही सारी मुले काका म्हणत असू, त्यांनी मला काहीही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खळीचे भांडे, खाकी कागद आणि सुटलेल्या पुठ्ठ्यांची पुस्तके माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “हाताला काम नाही ना? मग एवढी कव्हरं घाल.” मी चाळीसेक पुस्तकांना कव्हरे घातली. हात चालू लागले तसा छातीवरचा दगड थोडा हलला. संध्याकाळी त्यांनी एकच प्रश्न केला, “घरी सांगितलंस?” मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते माझ्याबरोबर बसमध्ये बसून आमच्या गावी आले. माझे वडील ओट्यावर बसले होते. काकांनी दोन वाक्यांत सारे सांगितले. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग मला म्हणाले, “जेवलास काय?”

मित्रहो, त्यानंतर मी बरेच ग्रंथ वाचले, त्यांत मानसशास्त्राचेही काही वाचले. परंतु परीक्षेच्या ताणावर त्या दोन शब्दांइतका परिणामकारक उपचार मला कुठे आढळला नाही. पुरवणी परीक्षेत मी गणितात उत्तीर्ण झालो आणि मग माझ्या आवडीच्या वाटेने मराठीकडे वळलो. ते पुढचे. पण ती तीन दिवसांची मासिकाची पाने मी विसरलेलो नाही.

आता विषयाकडे वळू. ताण म्हणजे काय? हान्स सेल्ये या संशोधकाने १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले आणि पुढे या शब्दाला वैद्यकात स्थान मिळाले. संकट समोर दिसले की शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात, छाती धडधडते, तळहात घामेजतात, पचन मंदावते. जंगलात वाघासमोर ही व्यवस्था उपयोगाची होती. प्रश्नपत्रिकेसमोर ना लढता येत, ना पळता येत. म्हणून तीच शक्ती आतल्या आत घुसमटते. पोटात गोळा येणे, हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. निरोगी शरीराने दिलेला तो इशारा आहे. एवढे कळले तरी विद्यार्थ्याची अर्धी लाज जाते.

आणखी एक गोष्ट. ताण सर्वस्वी वाईट नसतो. यर्क्स आणि डॉडसन या दोघा संशोधकांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले की थोडा ताण शिकण्याला मदत करतो, पण मर्यादेपलीकडे गेला की शिकणे बिघडते. त्यातही मर्म असे की काम जितके अवघड, तितका कमी ताण त्याला मानवतो. सतारीची तार सैल असेल तर सूर लागत नाही आणि अति ताणली तर तुटते, हे आपण जाणतोच. परंतु घरोघरी नेमके उलटे चालते. मुलाला जो विषय सर्वांत अवघड, त्याच विषयाचा धाक आपण सर्वांत जास्त घालतो.

ताणाचे मूळ पुष्कळदा अभ्यासाच्या पद्धतीत असते. विद्यार्थी म्हणतो, “सर, चार वेळा वाचलं, तरी पेपरात आठवत नाही.” मी विचारतो, “वाचलंस चार वेळा. पण पुस्तक मिटून आठवलंस किती वेळा?” तो गोंधळतो. येथे मला आपल्या जुन्या घरांतील परवचा आठवतो. दिवेलागणीला हातपाय धुऊन, देवापुढे बसून, पाढे, श्लोक, तिथी, नक्षत्रे मोठ्याने म्हणायची. हातात पुस्तक नाही. अडले की आजी एक शब्द पुरवणार, गाडी पुन्हा चालू. आज म्हटलेले उद्या पुन्हा, परवा पुन्हा. आपण तिला घोकंपट्टी म्हणून हिणवले. अर्थ न समजता केलेले पाठांतर हिणवण्याजोगे असेलही. पण परवच्याच्या रीतीत दोन मोठी तत्त्वे दडलेली होती.

पहिले तत्त्व आठवण्याचे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो मिटून, जेवढा आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटले. आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे वारंवार वाचल्याने ‘येते आहे’ असा भास होतो आणि तो भास परीक्षागृहात फुटतो. ‘सगळे कोरे झाले’ असे मुले म्हणतात, त्यातील बराच भाग या भासाचा असतो.

दुसरे तत्त्व अंतराचे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरसमूह पाठ करावेत आणि किती काळाने किती विसरतो ते मोजावे, असा त्याचा क्रम. विसरण्याचा वेग आरंभीच सर्वांत अधिक असतो आणि पुढे मंदावतो, असे त्याला आढळले. म्हणून आज केलेले उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने उजळावे. ‘उजळणी’ हा आपल्या भाषेतला शब्दच पाहा. पितळी समई एकदाच सहा तास घासून वर्षभर चकाकत नाही. ती मधूनमधून पुसावी लागते.

तेव्हा माझी पहिली सूचना ही, की संध्याकाळचा अर्धा तास परवच्याला द्या. दिवसभरात जे केले ते पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहा किंवा भावंडाला मोठ्याने समजावून सांगा. जे अडेल त्यावर खूण करा आणि उद्याचा अभ्यास त्या खुणेपासून सुरू करा. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. परीक्षेचा अनुभव परीक्षेआधी दहा वेळा घेतलेल्याला अकराव्या वेळी वाघ दिसत नाही.

दुसरी सूचना खास आपल्या भागातील मुलांसाठी. मराठी माध्यमातून येऊन अकरावीला एकदम इंग्रजीतून विज्ञान शिकणाऱ्या मुलाला जी भीती वाटते, ती बुद्धीच्या उणिवेची नसते. ती भाषेच्या उंबरठ्याची असते. हा उंबरठा ओलांडण्याची एक साधी रीत आहे. प्रत्येक विषयाची एक शब्दवही करा. डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी प्रतिशब्द आणि खाली आपल्याच शब्दांत एक ओळ. संकल्पना आधी मराठीत समजून घ्या. त्यासाठी या ग्रंथालयात मराठी विज्ञानग्रंथ आहेत, विश्वकोशाचे खंड आहेत. मग उत्तर इंग्रजीत लिहिण्याचा सराव करा. समजणे मायबोलीत आणि मांडणे परीक्षेच्या भाषेत, या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या की पाय घसरत नाही. १९८८ मध्ये हे मला कोणी सांगितले असते तर माझे एक वर्ष वाचले असते.

तिसरी सूचना शरीराची. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राविज्ञानाचे तज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. म्हणून रात्र जागून केलेला अभ्यास म्हणजे एका हाताने भरून दुसऱ्या हाताने सांडणे. रात्री दहानंतरचा चहा टाळावा. त्यातील कॅफिनचा जवळजवळ निम्मा अंश पाचसहा तासांनीही शरीरात उरतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत, शक्य तर आईच्या ताब्यात द्यावा. परीक्षेच्या सकाळी रोजचेच साधे अन्न खावे. आणि व्यायाम सोडू नये. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्याकडे लक्ष देण्यात घालवले, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. मी तुम्हाला वर्ष घालवा असे सांगत नाही. रोज अर्धा तास मोकळ्या हवेत चाला किंवा खेळा, एवढेच म्हणतो. तेवढ्याने शरीरात साचलेला तो लढण्या-पळण्याचा आवेग वाट मिळून निघून जातो.

चौथी सूचना परीक्षागृहासाठी. छाती धडधडू लागली तर श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. चार आकडे मोजून श्वास घ्यावा, सहा आकडे मोजून सावकाश सोडावा, असे पाच-सहा वेळा करावे. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. हे घरी महिनाभर केलेले असेल तरच तिथे साधते. प्रश्नपत्रिका हाती आली की पूर्ण वाचा आणि नक्की येणाऱ्या प्रश्नापासून आरंभ करा. पहिले उत्तर नीट उतरले की हाताला विश्वास येतो. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातली काळजी कागदावर उतरवलेल्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्वांनाच सारखा लाभ होईल असे नाही. पण करून पाहायला कागदाखेरीज खर्च नाही. आणि पेपर सुटल्यावर फाटकाशी उभे राहून उत्तरे जुळवत बसू नका. दिलेला पेपर संपला. उद्याचा अजून आपल्या हातात आहे.

आता पालकांशी दोन शब्द, आणि माझ्याच एका चुकीची कबुली.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. खेड्यातली, मराठी शाळेत पहिली आलेली, विज्ञान शाखेला गेलेली. म्हणाली, “सर, पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. रात्री झोप लागत नाही.” मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, “अगं, अभ्यास वाढव. अभ्यास झाला की भीती आपोआप जाते.” ती “बरं सर” म्हणून गेली. वार्षिक परीक्षेला ती आलीच नाही. घरातून निघायची, बसथांब्यावर बसून परतायची. चौथ्या पेपराला घरच्यांच्या ध्यानात आले. सुदैवाने आई शहाणी होती. ती रागावली नाही, तिने मुलीला डॉक्टरांकडे नेले. वर्षभराने ती मुलगी पुन्हा बसली, उत्तीर्ण झाली आणि आज ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “सर, अभ्यास मला येत होता. भीती कशी सांगायची, ते येत नव्हतं.”

खरे तर तिने सांगितले होते. मीच ऐकले नव्हते. ज्याला एका ग्रंथपालाने न विचारता ओळखले, त्याने स्वतःहून सांगणाऱ्या मुलीला ओळखले नाही. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. विद्यार्थी बोलू लागला की लेखणी खाली ठेवायची.

पालकहो, आपणही एवढे करा. ‘शेजारच्याला किती?’ हा प्रश्न परीक्षेच्या दिवसांत घरातून हद्दपार करा. ‘तुझ्यासाठी आम्ही किती खर्च केला’ हे वाक्य प्रेमातून येते, पण मुलाच्या खांद्यावर ते कर्ज होऊन बसते. घरातून निघताना सूचनांची यादी नको. परतल्यावर ‘कसा गेला?’ याआधी ‘जेवायला बस’ म्हणा. निकाल काहीही लागो, या घरात आपली जागा पक्की आहे, हे मुलाला निकालाआधी कळले पाहिजे. निकालानंतर सांगून ते तितके पोहोचत नाही.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्या सर्वांमागे परीक्षाच होती असे नाही. कारणे अनेक असतात. परंतु हा आकडा वाचून कोणत्याही शिक्षकाची झोप उडावी. काही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ती ‘नाटके’ समजू नका. झोप वा भूक पार उडणे, आवडीच्या गोष्टींतून मन उठणे, सतत रडू येणे, एकलकोंडेपणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे अशी ती लक्षणे होत. आणि ‘मी नसलेलेच बरे’ असे बोलणे कानी आले तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी मुलाला जवळ घ्या, एकटे सोडू नका, सरळ विचारा. विचारल्याने असा विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने ओझे हलके होते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात, जवळच धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी संस्था आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मिळते. हा क्रमांक आपल्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लागावा, अशी माझी पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. ताप आला की आपण वैद्याकडे जातो. मन तापले तर जाण्यात कमीपणा कसला?

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्याशी. श्रीनिवास रामानुजन हा थोर गणिती महाविद्यालयाच्या एफ.ए. परीक्षेत गणिताखेरीजच्या विषयांत कमी पडून अनुत्तीर्ण झाला होता, हे तुम्ही वाचले असेल. प्रत्येक नापास विद्यार्थी रामानुजन होत नाही. मीही झालो नाही. पण प्रत्येक नापास विद्यार्थ्यापुढे वाट असते, हे मात्र खरे. आज ती वाट पूर्वीपेक्षा रुंद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मंडळाच्या परीक्षांना वर्षात दुसरी संधी असावी, असे म्हटले. कर्नाटकात २०२४ मध्ये दहावी व पी.यू.सी.साठी एकाच वर्षात तीन परीक्षा घेण्याची पद्धत आली. परीक्षांच्या संख्येत फेरबदल होत राहतील. परंतु एका मार्च महिन्यावर माणसाचे आयुष्य तोलू नये, हे तत्त्व मान्य झाले आहे.

या ग्रंथालयाकडे मी एकच मागणी करतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज सायंकाळी साडेसहा ते सात, मागच्या दालनात विद्यार्थ्यांचा परवचा सुरू करावा. मुलांनी पुस्तके मिटून एकमेकांना विषय समजावून सांगावेत. ज्येष्ठ सभासदांपैकी एक-दोघांनी केवळ ऐकायला बसावे. शिकवायचे नाही, ऐकायचे. कोणी तीन दिवस एकच पान उघडून बसला असेल, तर त्याच्यापुढे खळीचे भांडे ठेवावे. शंभर वर्षांत या संस्थेने किती ग्रंथ जमवले याची नोंद दाखल-नोंदवहीत आहे. किती मुलांना सावरले याची नोंद कुठेही नाही. पण त्यांतला एक आज आपल्यासमोर उभा आहे.

त्या नोंद नसलेल्या कार्याला आणि आमच्या काकांच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.